प्रोग्रामरची निवड आणि सोर्स कोडचे वाचन : ‘एव्हीआरड्यूड’ व ‘यूएसबीएएसपी’ या संहितांची चिकित्सा

गोषवारा

मायक्रोकंट्रोलरवर आधारित विद्यार्थी-प्रकल्पांसाठी चिप प्रोग्रामर निवडताना किंमत व बाजारातील उपलब्धता हे दोनच निकष बहुधा वापरले जातात. ज्या उपकरणांचा सोर्स कोड खुला आहे, त्यांच्या बाबतीत निवडीचा तिसरा आणि अधिक भरवशाचा निकष उपलब्ध असतो. तो म्हणजे खुद्द सोर्स कोड. प्रस्तुत लेखात ‘एव्हीआरड्यूड’ ही संगणकावरील आज्ञावली व ‘यूएसबीएएसपी’ या प्रोग्रामरचे फर्मवेअर या दोन संहितांचे चिकित्सक वाचन केले असून, त्यांतून निवडीचे निकष कसे हाती येतात आणि या संहिता कोठे उण्या पडतात, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मायक्रोकंट्रोलर, प्रोग्रामर, सोर्स कोड, फर्मवेअर, मुक्त परवाना, प्रयोगशाळा

१. प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ‘प्रोग्रामर’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. प्रोग्राम लिहिणारी व्यक्ती हा एक अर्थ आणि लिहिलेला प्रोग्राम चिपच्या स्मृतीत उतरविणारे उपकरण हा दुसरा. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या अर्थाशी संबंधित आहे. तथापि या दोन अर्थांमधील अंतर वाटते तितके मोठे नाही. उपकरणरूपी प्रोग्रामर हाही कोणीतरी लिहिलेला प्रोग्रामच असतो. तो संगणकावरील आज्ञावली व उपकरणातील फर्मवेअर अशा दोन भागांत विभागलेला असतो, आणि हे दोन्ही भाग वाचता येण्याजोगे असतील तर उपकरणाच्या क्षमतेविषयी विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून राहण्याचे कारण उरत नाही.

सोर्स कोड हा वाचनाचा व अध्यापनाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना नवीन नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड आणि त्यावरील ओळवार भाष्य वर्गासाठी सिद्ध केले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने सोर्स कोडच्या वर्गातील वापरावर निर्बंध आणले, तेव्हा या भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरत राहिल्या. अधिकृत पुस्तकरूपाने ते १९९६ मध्येच प्रकाशित होऊ शकले. म्हणजे एके काळी वाचनाची इच्छा होती, पण परवानगी नव्हती. आज एव्हीआर कुळातील चिपसाठी परवानगी आहे, संहिताही आहे. परंतु वाचन मात्र क्वचितच घडते. या विसंगतीची किंमत प्रयोगशाळेला मोजावी लागते. उपकरण चालत नाही म्हणून चिप खराब ठरविली जाते, चिप बदलूनही काम होत नाही म्हणून उपकरण टाकून दिले जाते, आणि खरे कारण कोणालाच कळत नाही.

२. संहितांची पार्श्वभूमी

एव्हीआर कुळाची पहिली चिप ॲटमेल कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणली. २०१६ मध्ये ॲटमेल ही कंपनी मायक्रोचिपने विकत घेतली. तरीही एव्हीआर चिपचे उत्पादन चालू राहिले. ब्रायन डीन यांनी फ्रीबीएसडी प्रणालीसाठी खासगी प्रकल्प म्हणून या चिपमध्ये प्रोग्राम उतरविणारी एक आज्ञावली लिहिली. इतर प्रणालींवरूनही तिला मागणी येऊ लागल्यावर तो प्रकल्प सार्वजनिक करण्यात आला. ॲटमेलच्या स्वतःच्या ‘एव्हीआरप्रॉग’शी नामसाम्य होऊ नये म्हणून त्याच वेळी तिला ‘एव्हीआरड्यूड’ हे नाव मिळाले. पुढे योर्ग वुन्श आणि अनेक स्वयंसेवक तिच्या विकासात सहभागी झाले. २०२२ मध्ये तिची ७.० ही आवृत्ती आली. आर्डुइनोच्या संपादकात ‘अपलोड’चे बटण दाबल्यावर एव्हीआर चिप असलेल्या बोर्डांसाठी पडद्याआड हीच आज्ञावली धावते. म्हणजे जिने आपला प्रोग्राम चिपमध्ये नेला त्या आज्ञावलीचे नावही असंख्य विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

‘यूएसबीएएसपी’ हा प्रोग्रामर थॉमस फिशल यांची रचना आहे. त्यात यूएसबीसाठी स्वतंत्र नियंत्रक नाही; ॲटमेगा८ किंवा ॲटमेगा४८ सारखी साधी एव्हीआर चिपच ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या संस्थेच्या ‘व्ही-यूएसबी’ फर्मवेअरच्या साहाय्याने यूएसबीचे संदेश हाताळते. दोन्ही संहिता जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली खुल्या आहेत. अशा प्रकारे ‘एव्हीआरड्यूड’ संगणकाच्या बाजूने व ‘यूएसबीएएसपी’ चिपच्या बाजूने बोलतो, आणि निवडीचा प्रश्न या दोघांच्या संवादात दडलेला असतो.

३. वर्णनफाईल : कोडमधील कोश

‘एव्हीआरड्यूड’चे सर्वांत मोठे बलस्थान तिच्या मुख्य आज्ञावलीत नसून तिच्यासोबत येणाऱ्या वर्णनफाईलमध्ये आहे. हजारो ओळींच्या या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या नोंदी आढळतात : प्रोग्रामरच्या आणि चिपच्या. प्रोग्रामरच्या नोंदीत त्याचे नाव, प्रकार, जोडणीची पद्धत आणि यूएसबी ओळखक्रमांक असतात. चिपच्या नोंदीत तिची स्वाक्षरी, स्मृतीचे आकारमान, पानाचा आकार, लेखनानंतर थांबावयाचा कालावधी आणि प्रत्येक आदेशाचा बिटशः आराखडा दिलेला असतो. चिपविषयीचे ज्ञान आज्ञावलीच्या तर्कापासून वेगळे करून कोशासारखे मांडण्याचा हा निर्णय या संहितेतील सर्वाधिक दूरदृष्टीचा म्हणावा लागेल. सी भाषेतील एकही ओळ न बदलता नवी चिप किंवा नवा प्रोग्रामर समाविष्ट करण्याची सोय त्यामुळे बहुतांशी झाली, आणि सी भाषा न येणाऱ्या वाचकालाही संहितेत प्रवेश मिळाला.

या कोशाचे मोल एका नेहमीच्या अडचणीवरून लक्षात येते. ॲटमेगा३२८पी या चिपची स्वाक्षरी षोडशमान पद्धतीत १ई, ९५, ०एफ अशी आहे. तर नावात ‘पी’ नसलेल्या ॲटमेगा३२८ ची १ई, ९५, १४ अशी. बाजारातून दुसरी चिप आली आणि आज्ञेत पहिलीचे नाव दिले, तर आज्ञावली काम थांबविते. अशा वेळी तपासणी बळाने डावलण्याचा पर्याय वापरण्याकडे कल असतो. वर्णनफाईल चाळणाऱ्याला मात्र दोन्ही नोंदी दिसतात आणि आज्ञेतील चिपचे नाव तेवढे बदलावे लागेल, हे उमजते.

प्रोग्रामरच्या नोंदीही तितक्याच बोलक्या आहेत. ‘यूएसबीएएसपी’च्या नोंदीत उत्पादक क्रमांक १६सी० व वस्तुक्रमांक ०५डीसी यांच्या जोडीला उत्पादकाचे व उपकरणाचे नाव अक्षरांत नोंदविलेले आहे. हे क्रमांक अनेक उपकरणांना सामायिक वापरासाठी दिलेले असल्यामुळे नावाची तपासणी आवश्यक ठरते. बाहेरून हुबेहूब ‘यूएसबीएएसपी’ दिसणारी, पण आत वेगळे फर्मवेअर असलेली काही उपकरणे बाजारात आढळतात. ती संगणकाला स्वतःची वेगळीच ओळख सांगतात आणि म्हणून ‘एव्हीआरड्यूड’ला सापडत नाहीत. खरेदीपूर्वी उपकरण संगणकाला जोडून त्याची ओळख वर्णनफाईलशी ताडून पाहिली, तर पाच मिनिटांत निवाडा होतो.

४. गतीचा प्रश्न

प्रोग्रामर आणि चिप यांच्यातील विसंवादाचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे गती. एव्हीआरच्या अनुक्रमिक प्रोग्रामिंगमध्ये प्रोग्रामरने दिलेल्या घड्याळाची वारंवारता चिपच्या स्वतःच्या वारंवारतेच्या एक-चतुर्थांशाहून कमी असावी लागते. चिप १२ मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून वेगवान असल्यास ही मर्यादा एक-षष्ठांश होते. कोरी ॲटमेगा३२८पी कारखान्यातून येते तेव्हा तिचे अंतर्गत ८ मेगाहर्ट्‌झचे घड्याळ आठाने भागलेले असते, म्हणजे ती १ मेगाहर्ट्‌झवर चालते. तिच्यासाठी प्रोग्रामरची गती २५० किलोहर्ट्‌झच्या आत हवी.

आता ‘यूएसबीएएसपी’चे फर्मवेअर पाहावे. गती ठरविणाऱ्या फलनात ‘स्वयंचलित’ असा एक पर्याय आहे. नावावरून असे वाटते की, उपकरण चिपची गती ओळखून स्वतःची गती ठरवीत असेल. कोडमध्ये मात्र ‘स्वयंचलित’ म्हणजे सरळसरळ ३७५ किलोहर्ट्‌झ असा आदेश आहे. ही गती कोऱ्या चिपच्या मर्यादेबाहेरची आहे. म्हणजे कोरी चिप प्रतिसाद देत नाही, याचे कारण चिपमध्ये नसून एका शब्दाच्या भ्रामक नावात आहे. संहितेच्या चिकित्सेत शब्दयोजनेला महत्त्व का द्यावे, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

उपायही त्याच कोडमध्ये आहे. फर्मवेअर एका पिनची स्थिती तपासते. तेथील जंपर जोडलेला असेल तर गती ८ किलोहर्ट्‌झवर येते. ‘एव्हीआरड्यूड’मधील संबंधित फाईलमध्ये निदान ०.५ पासून १५०० किलोहर्ट्‌झपर्यंतच्या गतींचे कोष्टक आहे; आज्ञेत घड्याळाचा आवर्तकाल १० मायक्रोसेकंद असा दिला, तर १०० किलोहर्ट्‌झच्या आतील सर्वांत जवळची, म्हणजे ९३.७५ किलोहर्ट्‌झ ही गती निवडली जाते. कोऱ्या चिपसाठी ती सुरक्षित आहे. फर्मवेअर जुने असेल आणि गती बदलण्याचा आदेश त्याला कळत नसेल, तर एक इशारा छापला जातो. पुष्कळांना तो गंभीर दोष वाटतो. वस्तुतः आज्ञावली त्यानंतर आपले काम पुढे चालू ठेवते. अशा उपकरणावर जंपर हाच मार्ग उरतो, आणि काही स्वस्त प्रतिकृतींवर त्या जंपरची जागा असते, पण पिना बसविलेल्या नसतात.

गतीची निवड वेळेवर काय परिणाम करते, हेही गणिताने काढता येते. प्रत्येक बाइटसाठी चार बाइटांचा, म्हणजे ३२ बिटांचा व्यवहार होतो. ३२ किलोबाइटची पूर्ण स्मृती लिहिण्यासाठी सुमारे १०.५ लाख बिट पाठवावे लागतात. ८ किलोहर्ट्‌झवर त्याला किमान १३१ सेकंद लागतात आणि पडताळणीसाठी पुन्हा तेवढेच, ९३.७५ किलोहर्ट्‌झवर हेच लेखन सुमारे ११ सेकंदांत आटोपते. यूएसबीवरील व इतर विलंब यात धरलेला नाही. ३० विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी दोनच प्रोग्रामर असतील, तर हा फरक तासिकेच्या नियोजनाचा प्रश्न ठरतो.

५. ‘८०५१ व एव्हीआर दोन्हींसाठी’ या दाव्याची परीक्षा

भारतातील अनेक अभ्यासक्रमांत ८०५१ कुळाला आजही स्थान आहे. त्यामुळे एकाच उपकरणाने दोन्ही कुळांचे काम भागेल, असा दावा खरेदीच्या वेळी आकर्षक वाटतो. या दाव्याची परीक्षा ‘यूएसबीएएसपी’च्या अधिकृत फर्मवेअरवर करून पाहणे उद्‌बोधक आहे.

प्रथम चिपमधील भेद लक्षात घ्यावा. एटी८९सी५१ या जुन्या चिपला अनुक्रमिक प्रोग्रामिंगची सोयच नाही. तिला समांतर पद्धतीचा, १२ व्होल्टचा दाब पुरविणारा प्रोग्रामर लागतो. एटी८९एस५२ मध्ये अनुक्रमिक प्रोग्रामिंगची सोय आहे आणि प्रारंभीचा आदेशही एव्हीआरसारखाच, एसी व ५३ या दोन बाइटांनी सुरू होणारा आहे. या साम्यामुळेच दावा विश्वसनीय वाटतो. परंतु साम्य येथेच संपते.

एव्हीआर चिपची रीसेट पिन शून्य दाबाला सक्रिय होते, एटी८९एस५२ ची उच्च दाबाला. फर्मवेअरमधील जोडणीचे फलन रीसेट पिनवर एक उच्च स्पंद देऊन शेवटी ती शून्यावर आणून ठेवते. एव्हीआरसाठी हे योग्य आहे. एटी८९एस५२ मात्र त्या क्षणी रीसेटमधून बाहेर पडून आपला जुना प्रोग्राम चालवू लागेल. दुसरा भेद उत्तरातील आहे. एव्हीआर चिप ५३ हा बाइट तिसऱ्या बाइटच्या वेळी परत पाठविते. फर्मवेअर नेमकी तीच खूण तपासते आणि ती न मिळाल्यास ३२ वेळा प्रयत्न करून अपयश कळविते. एटी८९एस५२ चौथ्या बाइटच्या वेळी ६९ असे उत्तर देते. म्हणजे रीसेटचा प्रश्न बाहेरील एखाद्या ट्रान्झिस्टरने सोडविला, तरी अधिकृत फर्मवेअर त्या चिपचे उत्तर ओळखणार नाही. तिसरा भेद गतीचा : एटी८९एस५२ साठी मर्यादा क्रिस्टलच्या वारंवारतेच्या एक-षोडशांशाची आहे, ११.०५९२ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलला ती ६९१.२ किलोहर्ट्‌झ येते. येथे ३७५ किलोहर्ट्‌झ चालेल, ७५० चालणार नाही.

यावरून निष्कर्ष असा की, दोन्ही कुळे हाताळणाऱ्या ‘यूएसबीएएसपी’मध्ये फर्मवेअर बदललेले असलेच पाहिजे. तो बदल कोणी केला आणि त्याचा सोर्स कोड कोठे आहे, हा प्रश्न विक्रेत्याला विचारणे क्रमप्राप्त ठरते. परवान्यानुसार फर्मवेअरसह उपकरण विकणाऱ्याने बदललेला सोर्स कोडही ग्राहकाला उपलब्ध करून द्यावयाचा असतो. तो मिळत नसेल, तर महाविद्यालय मुक्त उपकरणाच्या नावाखाली एक बंद पेटी विकत घेत असते.

६. संहितांच्या उणिवा

या संहितांचे गुण मान्य करूनही त्यांच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे उचित होणार नाही. पहिली मर्यादा त्रुटिसंदेशांची. तार सुटलेली असणे, चिपला वीजपुरवठा नसणे, गती अधिक असणे, बाह्य क्रिस्टलचा फ्यूज लावलेला असून क्रिस्टल नसणे, ही चारही कारणे परस्परांहून भिन्न आहेत. आज्ञावली मात्र चौघांनाही लक्ष्य चिप उत्तर देत नाही एवढेच सांगते. फर्मवेअर केवळ यश किंवा अपयश कळविते. पहिल्या प्रयत्नात नेमके कोणते बाइट परत आले, ते वर पोहोचतच नाहीत. निदानाला उपयुक्त असलेली माहिती उपकरणात निर्माण होते आणि तेथेच नष्ट होते. हा दोष कार्यक्षमतेचा नसून संवादाचा आहे.

दुसरी मर्यादा फ्यूज बिटांसंबंधीची. फ्यूजमध्ये शून्य म्हणजे ‘लावलेला’ आणि एक म्हणजे ‘न लावलेला’ असा उलटा संकेत आहे. रीसेट पिन बंद करणारा फ्यूज चुकून लावला गेला, तर अनुक्रमिक प्रोग्रामरने ती चिप पुन्हा हाताळता येत नाही; तिला १२ व्होल्टचा प्रोग्रामरच लागतो. ‘एव्हीआरड्यूड’च्या जुन्या आवृत्त्यांत फ्यूजचे मूल्य आरंभी व अखेरीस ताडून पाहणारी ‘सेफमोड’ ही सोय होती. नव्या आवृत्त्यांत ती काढून टाकण्यात आली आहे. तिच्याशी संबंधित पर्याय दिले तरी ते निमूटपणे स्वीकारले जाऊन दुर्लक्षिले जातात. जुन्या प्रयोगपुस्तिकेवर विसंबणाऱ्याचा येथे गैरसमज होऊ शकतो. संरक्षण मागे घेताना संहितेने मौन बाळगावे, हे तिच्या एरवीच्या स्पष्टपणाशी विसंगत आहे.

तिसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. प्रकाशित सोर्स कोड आणि उपकरणात प्रत्यक्ष उतरलेले फर्मवेअर हे एकच आहेत, याची ग्वाही सोर्स कोड देऊ शकत नाही. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ट्यूरिंग पुरस्कार व्याख्यानात हाच प्रश्न कंपायलरच्या संदर्भात उपस्थित केला होता. प्रतिकृतीतील चिपचे लॉक बिट लावलेले असतील, तर तिच्यातील फर्मवेअर वाचून ताडता येत नाही. उपाय एकच उरतो : प्रकाशित सोर्स कोड प्रयोगशाळेतच कंपाइल करून उपकरणात पुन्हा उतरविणे. पण त्यासाठी दुसरा प्रोग्रामर लागतो. पहिला प्रोग्रामर कोठून आणावयाचा, हा बीजवृक्षन्यायाचा पेच या क्षेत्राच्या मुळाशीच आहे. एके काळी संगणकाच्या समांतर पोर्टला जोडलेल्या काही तारा व रोधक एवढ्यावर हा पेच सुटत असे. समांतर पोर्ट संगणकांतून नाहीसा झाल्यावर ती वाट बुजली. आज तेच काम आर्डुइनो बोर्डवर ‘आर्डुइनो आयएसपी’ हा प्रोग्राम चढवून किंवा रास्पबेरी पायच्या पिना थेट वापरून करता येते.

७. निवडीचे निकष

वरील विवेचनातून निवडीसाठी चार प्रश्न निष्पन्न होतात. चिपला कोणती प्रोग्रामिंग पद्धत लागते आणि प्रोग्रामरच्या नोंदीत ती आहे काय, हा पहिला. प्रोग्रामरची किमान गती चिपच्या घड्याळाला साजेशी आहे काय, आणि ती आज्ञेने बदलता येते की जंपरने, हा दुसरा. उपकरणाची यूएसबी ओळख नोंदीशी जुळते काय, हा तिसरा. फर्मवेअर प्रयोगशाळेत पुन्हा तयार करून उतरविता येते काय, हा चौथा.

या कसोट्या लावल्यास प्रत्येक वेळी एकच उपकरण विजयी ठरत नाही, हे महत्त्वाचे. ॲटमेगा८ ते ॲटमेगा३२८पी या परिघात ‘यूएसबीएएसपी’ चारही प्रश्नांना उतरतो. ॲटमेगा४८०९ सारख्या नव्या चिप एकाच तारेवरील ‘यूपीडीआय’ पद्धत वापरतात. अधिकृत ‘यूएसबीएएसपी’ तेथे पहिल्याच प्रश्नाला बाद होतो. उलट, ७.० आवृत्तीपासून ‘एव्हीआरड्यूड’मध्ये समाविष्ट झालेल्या पद्धतीने साधा यूएसबी-सीरियल परिवर्तक आणि एक रोधक एवढ्यावर हे काम भागते. पिक कुळासाठी हा संपूर्ण कोश निरुपयोगी आहे. तथापि मायक्रोचिपने ‘पिककिट २’चे फर्मवेअर, संगणकावरील आज्ञावली व परिपथ प्रसिद्ध केल्यामुळे तेथेही वाचनाची हीच रीत लागू पडते. एटी८९सी५१ साठी समांतर प्रोग्रामरला पर्याय नाही. त्यापेक्षा प्रयोगासाठी एटी८९एस५२ निवडणे, म्हणजे प्रोग्रामरऐवजी चिप बदलणे, अधिक शहाणपणाचे ठरते.

८. समारोप

सोर्स कोड वाचणे हे संगणकशास्त्र विभागाचे काम आणि प्रोग्रामर खरेदी करणे हे इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे, अशी विभागणी महाविद्यालयांत रूढ आहे. येथे परीक्षिलेल्या संहिता ही विभागणी मानत नाहीत; त्यांतील एका शब्दाचा अर्थ व्होल्ट आणि किलोहर्ट्‌झ यांच्या भाषेतच लागतो. म्हणून खरेदीच्या दरपत्रकात फर्मवेअरची आवृत्ती व सोर्स कोडचा पत्ता यांची मागणी करणे, आणि एसी-५३ हा आदेश व त्याचे उत्तर ऑसिलोस्कोपवर पाहण्याचा एक प्रयोग दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र देणे, हे दोन बदल कोणत्याही अतिरिक्त अनुदानाविना करता येण्याजोगे आहेत. ज्या विद्यार्थ्याने पडद्यावर ५३ परत येताना पाहिला, तो चिपने उत्तर न दिल्यास ती टाकून देण्यापूर्वी तिला कोणत्या गतीने प्रश्न विचारला होता, हे तपासून पाहील.